रूबेनच्या माथी मारलेल्या फळ्या

३ नोव्हेंबर १८८१, मॉन्ट्रियल

कप्तान पेंगेली चहा गार म्हणून ओतून देतो. माझा रूबेन बर्फाच्या पाण्यात गार झाला, त्याचं याला काही नाही. वर चौकशीत शपथेवर सांगितलं — भट्टीवाल्या रूबेननं कोठारातल्या फळ्या आपल्या मनानं जाळल्या, म्हणून याची आधीची बोट बुडाली. बारा माणसांचं पाप माझ्या मेलेल्या पोराच्या माथी. त्याच्या पोरींना गल्ली 'बुडव्याच्या पोरी' म्हणते.

माहेरचं नाव सांगून याच्याच नव्या आगबोटीवर कामाला लागलेय. केबिन झाडते. याच्या तोंडून खरं निघायची वाट बघते.

५ नोव्हेंबर

कोठारात डोकावले. गहू गच्च. मधोमध फळ्यांची भिंत — बोट कलली तरी गहू एका अंगाला घसरू नये म्हणून. हे मला रूबेननंच शिकवलं. तो आपण होऊन जाळेल?

९ नोव्हेंबर

वादळ. सूप कप्तानाच्या मिशीत. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

वादळ चालूच. कोळसा संपत आला. मालक थॉर्ली बारा दिवसांचा देतो, वादळाचे धरत नाही. भट्टीवाला ओब्रायन म्हणाला, "म्हातारे, वाफ गेली की बोट लाटांना आडवी. माझी आई दर खेपेला लिव्हरपूलच्या धक्क्यावर येते. तिला काय सांगू, बुडालो म्हणून?"

१२ नोव्हेंबर

सकाळी मी ओब्रायनला चहा द्यायला भट्टीपाशी गेले, तेवढ्यात कप्तान खाली आला. "वरच्या फळ्या काढा, भट्टीत घाला." ओब्रायन हलेना. कप्तान म्हणाला, "रूबेनही असाच अडला होता. शेवटी ऐकलंच."

मीही ऐकलं.

शेवटी ओब्रायननंही पहिल्या फळ्या काढून आणल्या, तशी त्यांच्यावर जाऊन बसले. "मी रूबेनची आई. तेव्हा हुकूम कुणाचा होता, बोटीच्या वहीत लिहा. मग उठते."

"म्हातारे, सगळे बुडू."

"मला काय सांगता? आमच्या घरात बुडून झालंय."

ओब्रायन हसला. "लिहा हो कप्तान, ही उठायची नाही." आणि उरलेल्या फळ्या काढायला कोठारात उतरला.

पेंगेली वही आणायला गेला. मी बसून. भट्टी विझत चालली. त्यानं लिहिलं — हुकूम माझा, रूबेनचा दोष नाही. खाली साक्षीला बोटीवरच्या एका नोकरमाणसाची सही लागते. मी केली. वाकडी, पण माझी.

उठले तेवढ्यात बोट आडवी झाली.

१३ नोव्हेंबर

फळ्या जळल्या, वाफ आली, बोट सावरली. वादळ ओसरलं, पुढची वाट शिडांवर. ओब्रायन गव्हाखाली सापडला. तोंडात दाणे.

पेंगेली म्हणाला, "पाव तास, बाई. पाव तास आधी उठला असतात तर."

२० नोव्हेंबर, लिव्हरपूल

रूबेनचं नाव धुतलं गेलं. वही माझ्या काखेत आहे.

धक्क्यावर काळी शाल घेतलेली बाई एकेक तोंड बघतेय. पेंगेली टोपी काढून निघाला होता. त्याला मागे ओढलं. तिच्यापुढे कुणी जायचं नाही, कप्तानानं नाही, मालकानं नाही. उत्तर मी द्यायचं.