पहिली कापणी

२ जुलै १९८६
संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात, एका दुपारी, गिरणीच्या रंगखात्याबाहेरचं रसायनाचं पिंप मी गवतात आडवं केलं, तिथेच माझं आयुष्य फिरलं. पण आज मजेत आहे! लालबागच्या बंद गिरणीमागच्या त्याच माळावर नोकरी लागली. राहायला पत्र्याची खोली, खिडकीत चिमण्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या पद्मजाबाईंनीच बोलावलं. म्हणाल्या, परीक्षेतून पळालास, आता हे गवत तरी पास करून दाखव. निळी पडलेली माती खरवडायची, चुना-शेणखत मिसळायचं, चिवट गवताचे ठोंब लावायचे. मुळं विष वर ओढतात. म्हणून पहिली कापणी पिंपात बंद. जनावराच्या तोंडी काडी लागता कामा नये, तीनदा बजावलं.

१९ जुलै
ठोंब धरले. बाई चिखलात फतकल मारून बसल्या, म्हणाल्या, जमीन माफ करते रे, वेळ घेते फक्त. कौसल्या इथेच चारा कापायची. तिची आई जाईबाई देवळाबाहेर गाय घेऊन बसायची, येणाऱ्याजाणाऱ्यांना पेंढ्या विकायची. पेंढीची गाठ कौसल्या दातांनी आवळायची. मला कॉलेजकुमार म्हणून चिडवायची. आणि संप फोडून कामावर जाणाऱ्या शिवाशी गेटाजवळ हसून बोलली. एवढंच. माझं डोकं फिरलं, पिंप लोटलं. गवतच जळालं तर ती इथे यायची नाही, इतकाच हेतू होता. पण विष मुरलं आणि गवत दोन दिवस हिरवंच राहिलं. आधी गाय गेली. मग ती. काहीतरी साथ असेल, असं चाळ म्हणाली. मीही म्हणालो.

४ ऑगस्ट
गवत गुडघ्याएवढं. सकाळी एक वाफा कापलेला, विळ्याने, सपाट. उंबऱ्यावर पेंढी. गाठीवर दातांचे व्रण.

७ ऑगस्ट
जाईबाईकडे धावलो. चारा कुणी आणला का, विचारलं. म्हणाली, पोरगी गेल्यापासून विळा हातात धरला नाही बाबा, तुला आज बरी आठवण झाली. तेव्हाच सांगायला हवं होतं. परतलो तर तीन पेंढ्या.

१० ऑगस्ट
पेंढ्या पिंपात भरल्या, झाकण ठोकलं. सकाळी पिंप रिकामं. आरशात पाहिलं— दात निळे. तोंडात हिरवा, कडू—

१२ ऑगस्ट
भरदुपार. बाहेर ती पेंढी हलवतेय. गायीला बोलवायची तशी. कॉलेजकुमार म्हणतेय.
बाई, ही वही जाईबाईला वाचून दाखवा. सगळी.
भूक लागलीय. निघतो. दार ओढून घेतो, म्हणजे परत फिरायला—