मुखरूभाऊंच्या रक्तावरचं पिवळं पाणी

नागपूर, कार्तिक, १९५८

माय, तुझ्या लेकाचा दंडवत.

काचेच्या नळीत मुखरूभाऊंचं रक्त खाली बसलं अन् वर तिळाच्या तेलासारखं पिवळं पाणी उभं राहिलं, त्या क्षणी त्यांच्यावरचा माझा सारा ताव उतरला.

भाऊंना, कमळाच्या वडिलांना, छातीत कळ आली, म्हणून मीच इथे दवाखान्यात आणलं. पहिलं रक्त तपासणीला पळतच नेलं. तिथल्या बाई तडकल्या, "हिंदकळवून खराब केलंत! परत काढून आणा." दुसऱ्यांदा जपून चालत नेलं. दुखावलेल्या हृदयातलं काहीबाही रक्तात झिरपतं म्हणे, ते बाईंनी त्या पाण्यात शोधलं. माय, छाती न उघडता!

भाऊ म्हणाले, "कॉलेज सोडलेल्याले पोरगी देत नाई म्हटलं ना? मग काऊन बसला इथी?" मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

महिनाभर शांत पडून राहिले तर धोका टळेल, असं डॉक्टर म्हणतात. कमळाला एवढंच सांग, की बरे आहेत. ती जेवते ना? आपलं धान कापून झालं?

भाऊंनी नकार दिला, त्या दिवशी मी त्यांचं दार आपटून निघालो होतो. आता त्यांचा डोळा लागलाय. पत्र टाकायला बाहेर पडतो. दार अगदी हळू लोटून घेतो.

तुझा लटारू