अंड्याच्या कागदावरची मुलगी

अप्पा, नगरच्या कॅम्पातल्या बंगल्यातला तो गोऱ्या साहेबाचा फोटोंचा अल्बम परवा पुन्हा दुकानात आला. बंगला राखणारे मामा घेऊन आले. म्हणाले, "तुमच्या वडलांनीच बांधल्याला हाय. पानं लई सुटल्यात, जपून करा." तुमचं बाइंडिंगचं दुकान तुमच्या माघारी मी चालवते, नाही कशी म्हणणार? पण पहिलं पान उलटलं आणि जुनंच पोटात दुखू लागलं. ती फोटोत तिथंच होती, तट्टावर बसलेली, पांढऱ्या फ्रॉकमधली साहेबाची मुलगी.

मी लहान असताना, दुकानात धूळ फार म्हणून तुम्ही तिला अल्बमासकट घरी आणलं होतंत. तिच्यासाठी चिकटवायची खळ दोनदा गाळलीत, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घातलंत. अजून दिसतं, देवघरालगतच्या खोलीत अल्बम मांडीवर घेऊन तुम्ही मऊ ब्रशनं तिचं तोंड पुसता आहात, "किती गोड पोर आहे," म्हणता आहात. मी जवळ आले की, "लांब हो, तुझ्या हाताला घाम आहे." माझी वेणी तुम्ही एकदाही घातली नाहीत. तिच्या फोटोची एक सुरकुती बसवायला मात्र अख्खी दुपार दिलीत. त्याच वर्षी मी आजारानं काडी झाले होते. डॉक्टर म्हणाले, "हिला रोज एक अंडं द्या." तुम्ही तिथल्या तिथं सांगितलंत, "आमच्या घरात चालायचं नाही." मग गूळ-शेंगदाण्यांवर भागलं.

परवा कामाला हात घालण्याआधी संग्रहालयातल्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाणी जपून लावा. त्या काळच्या फोटोच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असतो." असले कागद करायच्या कारखान्यांत बायका म्हणे दिवसभर अंडी फोडून पांढरं वेगळं काढत बसायच्या. फोन ठेवला आणि मी एकटीच हसत सुटले, मग रडू आलं. देवघराशेजारी बसून तुम्ही अंडंच कुरवाळत होतात की हो, अप्पा! तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. तरी हेवा वाटतो, केस पांढरे झाले तरी वाटतो.

मीही खळ दोनदा गाळली. हात धुतले, पुसले, तरी घाम आलाच. तिचा फोटो सरळ बसवलाय, तुम्ही बसवला असतात तसाच. पण हे पत्र कुठंच जाणार नाही, तर खोटं कशाला लिहू? आधी तो वाकडा ठेवून पाहिला होता. बराच वेळ बघत बसले. फार बरं वाटलं.