त्याच्या अंगाले मी हात लावू दिला नाही

प्रिय आत्या,

काल कोर्टाच्या गेटवर मी त्या माणसाले वाचवलं. हो, त्याच माणसाले, ज्याच्या गोडाऊनमध्ये तू मेली. बाबा माझ्याशी बोलून नाही राहिले, वस्तीतली पोरं तोंड फिरवून राहिली. कोणी तिखटमीठ लावून तुले सांगायच्या आत मीच सांगून टाकते म्हटलं. शिव्या दे, पण आधी ऐकून घे!

तू गेली तेव्हापासून माझ्या डोक्यात तीच दुपार आहे. वाडीचं ते टिनाचं गोडाऊन, मे महिन्याचं ऊन, आणि माल चोरीले जाऊ नये म्हणून बाहेरून कुलूप घातलेलं शटर. आत तुम्ही पार्सल बांधणाऱ्या बाया. तुले चक्कर आली. चावी सुपरवायझरच्या खिशात, आणि तो जेवाले गेलेला. कमलमावशीनं लपवून नेलेल्या मोबाइलवरून मालकाले फोन लावला, तर तो म्हणे, "कुलूप तोडायचं नाही. चावी येईल." चावी आली तोवर तू गेली होती.

आणि संध्याकाळी हाच माणूस सक्करदऱ्याले आपल्या घरी आला, बाबांसमोर हात जोडले, म्हणे तुमच्या बहिणीचं हार्ट कमजोर होतं. कुलूप? कोणतं कुलूप?

एक विचारू? एका मिरचीवरून भाजीवाल्याशी भांडणारी तू, त्या कुलपाबद्दल घरात एक शब्द नाही बोलली? काहून वं? मी कॉलेजमध्ये कायदा शिकून राहिली होती आणि तू रोज कुलपात जाऊन बसत होती. याचा राग मले अजून आहे, सांगून ठेवते.

मग मी मानवी हक्कांसाठी मोहिमा चालवणाऱ्या एका संघटनेत गेली. कॉलेजातल्या आणखी पोरी होत्या. तिथल्या वकीलताईनं प्रत्येकीले विचारलं, कशाले यायचं आहे? कोणी म्हणे समाजासाठी, कोणी म्हणे न्यायासाठी. माझी पाळी आली तर मी सरळ म्हटलं, "मले एका माणसाची वाट लावायची आहे." वाटलं, हाकलून देतील. ताईनं चहा मागवला आणि म्हणाली, उद्यापासून ये.

अन् पहिलं काम काय दिलं असेल? चोरीच्या आरोपात धरलेल्या एका माणसाले पोलिसांनी कोठडीत झोडपलं होतं, त्याच्यासाठी कॉलेज-कॉलेज फिरून सह्या गोळा करायच्या! माझं डोकंच फिरलं. मी काय चोरांची वकिली कराले आली होती? ताईशी चांगली भांडली मी, अगदी तुझ्यासारखी.

पण त्याच ऑफिसात मले एक बाई भेटली. तिच्या पोराले जिवे मारणारा सुटला होता. पोलिसांनी त्याले बदडून कबुली घेतली आणि त्या कबुलीच्या भरवशावर पुरावा गोळाच नाही केला. कोर्टात काहीच टिकलं नाही. आता तो तिच्याच गल्लीतून गाडी फिरवतो. ती बाई रडत नव्हती, नुसती पंख्याकडं पाहत होती. बदला कसा घ्यायचा नाही, ते मले त्या दिवशी समजलं.

आपल्या घरची केस आपण हाताळायची नाही, असा संघटनेचा नियम आहे. म्हणून कमलमावशीशी बोलाले दुसरी पोरगी गेली आणि मी बाहेर पायरीवर नखं खात बसली. मावशी अजून तिथंच कामाले आहे, पोट आहे तिलेही. किती घाबरली होती! तरी तिनं फोनवरचं सगळं सांगितलं. मग मोर्चे, निवेदनं, चकरा. शेवटी गुन्हा दाखल झाला, आणि काल त्याले कोर्टात आणलं.

गेटवर आपली अख्खी वस्ती. पोरांच्या हातात शाई, चपला. तो जीपमधून उतरला तसे बाबा धावले आणि त्याची कॉलर धरली. आपले बाबा, ज्यांनी कधी झुरळ नाही मारलं! मी मध्ये घुसली. बाबा ओरडले, "तू कोणाची आहे वं?"

"तिचीच," मी म्हटलं. "म्हणूनच सोडा त्याले."

त्यांनी सोडलं. पण त्यांचे डोळे मले रात्रभर झोपू देत नव्हते.

आणि तो निर्लज्ज काय म्हणाला ऐक. हळूच म्हणे, थँक्यू बेटी! त्याले वाटलं मले दया आली. दया! मी म्हटलं, "तुमच्या अंगावर एक ओरखडा नको मले. जजसाहेबांले दाखवाले तुमच्याजवळ काहीच नको." त्याचं तोंड पाहाले तू पाहिजे होती.

ताई म्हणते, हळूहळू राग निवेल. मी निवू देणार नाही. आत्या, आता तुले वचन देते. त्याचा एकही हक्क मी बुडू देणार नाही. वकील मागेल तर वकील मिळेल, पाणी मागेल तर पाणी, चक्कर आली तर त्याच मिनिटाले डॉक्टर. तुले जे मिळालं नाही ते सगळं त्याले मिळेल. अन् ते सगळं मिळूनही तो दोषी ठरेल. त्या दिवशी मी त्याच्या समोरच्या बाकावर बसली असेन.

जय भीम.

तुझी भाची,
जिनं त्याले माफ नाही केलं ती,
प्रणाली