चौदा, बावीस आणि सदतीस नंबरच्या साखळ्या

माझ्या माणसांनो,

थोरल्या, तुझी पाठ आता कशी आहे? औषध वेळेवर घेतोस, की अजून सूनबाईलाच मागे लागावं लागतं? सूनबाई, तुझा खोकला गेला का? ताई, तुझी अर्धशिशी? वेल्डरमामा, भाजलेला हात भरून आला ना? सगळ्यांची खुशाली आधीच विचारून घेतो. पुढचं ऐकल्यावर मला कोणी ती सांगेल असं वाटत नाही.

मी, वजन उचलायच्या साखळ्या करणारा, वय एक्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत, बाकीचं लोखंडानं शिकवलेलं, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. वर म्हणाले, "आजोबा, माझ्यापेक्षा तुमचंच बरं चाललंय."

कलम १. राहतं घर थोरला आणि ताई यांना निम्मं निम्मं. मधल्या भिंतीवरून भांडू नका. ती मी बांधली आहे आणि मुळातच वाकडी आहे, कोणाच्याच बाजूची नाही.

कलम २. घण, ऐरण, चिमटे वेल्डरमामांना. शिडी शेजाऱ्याकडे आहे; बारा वर्षांपूर्वी 'दोन मिनिटांसाठी' नेली. ती परत आणावी. मग हवी असेल तर त्यानं रीतसर मागावी.

कलम ३. कारखाना. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

आमच्याकडे साखळी तयार झाली की आधी तिला नेमाच्या, म्हणजे तिनं रोज पेलायच्या वजनाच्या, दुप्पट वजन टांगायचं. ती टिकली की नेमाचं वजन टांगून मालकानं स्वतः त्याखाली उभं राहायचं, शंभर मोजेपर्यंत. मगच कडीवर ठसा. हा नियम माझाच. तुमची आई म्हणायची, "एक दिवस पत्र्यासारखे सपाट होऊन घरी याल, मी गुंडाळून कोपऱ्यात ठेवीन." ताई लहान असताना बाजूला उभी राहून आकडे मोजायची. भीतीनं साठावरून एकदम नव्वदवर उडी मारायची. मी तिला परत साठावर आणायचो.

तीन वर्षांपूर्वी माझं कंबरेचं हाड मोडलं, दोन महिने अंथरुणात गेले. तेवढ्यात चाळीस साखळ्या झाल्या. चाळीसांवर ठसा बसला, वहीत चाळीसांपुढे थोरल्याच्या अक्षरात 'तपासली'. मी काठी टेकत कसोटीच्या खोलीत गेलो. वजनापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जुनं, धूळ बसलेलं, एकही धागा न तुटलेलं. ते वजन दोन महिन्यांत बोटभरही हललं नव्हतं.

विचारलं तर थोरला म्हणाला, "आप्पा, इतक्या वर्षांत आपली एक तरी साखळी तुटली का? मग तपासायची कशाला?"

"तपासतो म्हणून तुटत नाही रे," मी म्हणालो.

गोदामात नऊ उरल्या होत्या. त्या टांगल्या. सात टिकल्या, दोन सुटल्या. आवाजही फार झाला नाही. जांभई दिल्यासारखी कडी उघडली, एवढंच. एकतीस साखळ्या बाहेर गेल्या होत्या.

इथून पुढचं पाप माझं. थोरल्याची अब्रू, कारखान्याचं नाव, झाकली मूठ सव्वा लाखाची असं म्हणत मी गिऱ्हाइकांना खरं कळवलं नाही. लिहिलं, 'साखळी पाठवा, फुकट तेलपाणी करून देऊ.' अठ्ठावीस परत आल्या. तिघांनी कळवलं की साखळी उत्तम आहे, तेलपाणी नको, आभारी आहोत. मी स्वतः त्यांच्या दारी गेलो तोवर तिघांनीही त्या पुढे विकल्या होत्या. कोणाला, ते त्यांनाही सांगता येईना. त्यातला एक तर कौतुकानं म्हणाला, "तुमचा ठसा होता, म्हणून हातोहात गेली."

तेव्हापासून रस्त्यात काही जड आपटलं की मी थांबतो आणि पाठोपाठ माणसाचा आवाज येतो का ते ऐकतो. कोणाच्याही कारखान्यात गेलो की आधी वर बघतो. कुठेतरी त्या तीन टांगलेल्या आहेत, आणि ठसा बघून खाली कोणीतरी निर्धास्त काम करतंय.

म्हणून कारखाना थोरल्याला, पण ठसा ताईला. तिनं शंभर मोजल्याशिवाय एकही साखळी दाराबाहेर जाणार नाही, आणि वजनाखाली थोरला उभा राहील. माझी शिल्लक त्या तीन साखळ्या शोधण्यासाठी. त्यांच्यामुळे कोणाला इजा झाली तर ती रक्कम त्याच्या घरी पोचवावी. थोरल्या, रागानं लिहीत नाही. तू खोटं लिहिलंस ते आळसानं. मी लिहिलं ते नीट विचार करून. माझं जास्त वाईट.

कलम ४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. साखळी तितकं थांबेलच असं नाही. म्हणून खरी हकिगत, निवेदन म्हणून, आज संध्याकाळी वर्तमानपत्राकडे जाईल. काल हा मसुदा वाचून दाखवला तेव्हा सूनबाई म्हणाली, "मामंजी, उद्यापासून आपल्याकडून कोण घेईल?" प्रश्न रास्त आहे. थोरला म्हणाला, "सहा महिने द्या आप्पा, मी गुपचूप शोधतो." मी सहा महिने देईन रे. कडी देईल का?

त्या निवेदनाखाली दोन सह्यांची जागा आहे. एक मी केली. दुसरी मोकळी आहे, थोरल्या.

सही : साखळीवाला आप्पा
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर २. समोरच्या दुकानातले घड्याळजी
स्थळ : कारखान्यातली कसोटीची खोली
दिनांक : १९ मार्च, मंगळवार, सकाळी

ता. क. हे शेवटचं घरच्यांसाठी नाही. निवेदनात जसंच्या तसं छापावं. ज्यांच्याकडे आमच्या ठशाची चौदा, बावीस किंवा सदतीस नंबरची साखळी असेल, त्यांनी आधी खालची माणसं बाजूला करावी. मग वजन सावकाश खाली ठेवावं. आमचा पत्ता साखळीच्या बिल्ल्यावर कोरलेला आहे. दोन ओळी पुरेत, पण लवकर लिहा.