उपग्रहातली खडखड

मुलुंड, ११ ऑक्टोबर २०२५

चि. नमितास मधुमामाचे अनेक आशीर्वाद.

खंडेनवमीला मी तुमच्या कॉलेजात येऊन, तुम्ही मुलांनी बनवलेल्या त्या डब्याएवढ्या उपग्रहापुढे बसून, शुद्ध उच्चारात पूजा सांगितली. आठवडा उलटतो न उलटतो तोच विघ्न हजर! तुझ्या आईचा, वसुधाताईचा, बोरीवलीहून फोन होता. म्हणाली, हादऱ्यांच्या चाचणीत उपग्रह पास झाला, पण उचलला की आत खडखडतो. बंद तू केलास, म्हणून सगळे म्हणतात नमिताने स्क्रू ढिला ठेवला. तुझ्या गटातला तो अल्पेश तर म्हणतो, उघडायचाच नाही, तसाच पाठवायचा. उघडला तर सगळ्या चाचण्या पुन्हा, आणि तारीख चुकली की रॉकेटमधली जागा गेली.

मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. संस्कृत शिकवणाऱ्याला ते माफ असतं. पण बाई, उघड. तुझाच स्क्रू निघाला तर बोलणी खा आणि चार दिवस आमच्याकडे ये, मामी जेवायला घालील. वर गेल्यावर खडखडला तर बघायला कोण चढणार? अल्पेश?

तुझा लोभ आम्ही चाचणीविनाच पास धरतो.

मधुमामा

अंधेरी, १६ ऑक्टोबर २०२५

ति. मधुमामास नमिताचा सा. न. वि. वि.

उघडला रे. अल्पेश ओरडत होता की सगळ्यांची वाट लावलीस यार. स्क्रू एकूण एक घट्ट निघाले. मग डबा उलटा केला, तर टेबलावर पडला अक्षतेचा एक दाणा, कुंकवासकट! झाकण काढून ठेवा, देवाला आतलंही दिसू दे, असं पूजेत तूच म्हणालास ना? अल्पेश विचारत होता, तुझे मामा नेम धरून टाकतात काय.

टाकल्या सगळ्यांनीच. बंद करण्याआधी आत नीट बघायचं काम मात्र माझं होतं. ते मी सरांना सांगितलं.

जागा गेलीच. पुढची वर्षभराने, तोवर आम्ही पास होऊन बाहेर. आई विचारते, मग उघडलास कशाला? तिला तूच समजाव.

काल पुन्हा बंद करायचा होता. मी मागेच उभी होते. सरांनी विचारलं, कोण करणार? अल्पेशने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, म्हणाला, हिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी आधी आत पाहिलं. खूप वेळ पाहत राहिले. कोणी घाई केली नाही.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी
नमिता