गाळलेला पहिला परिच्छेद

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा साष्टांग उभ्यानेच घातला आहे. गोड मानून घे.)

प्रथम तक्रार. या देशात माणसाला काळ्या शाईने मरता येत नाही. मंगळवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी वकीलबाईंकडे मृत्युपत्राचा अर्ज भरायला गेलो. अकरा पानं भरली. आजोबांच्या जन्माचं साल अंदाजाने ठोकून दिलं. सही करून पेनाला टोपण लावतो न लावतो तोच त्यांच्या कारकुनाने गठ्ठा परत ढकलला. शाई निळी हवी. काळी सही छापल्यासारखी दिसते म्हणे. तीस वर्षं या लोकांना चष्मे लावले, पण त्यांना दिसतं ते असं.

मृत्युपत्राचं खूळ तुझ्या भावजयीचं. जानेवारीत माझ्या छातीत जाळी बसवल्यापासून ती मला काचेच्या बरणीसारखं उचलून ठेवते. प्रश्न असा की कागद नोंदवायचा कुठे? इथे माझा फ्लॅट आणि चष्म्याचं दुकान. तिथे आबांनी माझ्या नावावर केलेलं घर, ज्यात तू राहतेस. माझ्यामागे ते घर तुझं, असं मृत्युपत्र तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा तुझ्याच जुन्या कचेरीत नोंदवलं, ते आहेच. आता वकीलबाई म्हणतात, सगळं एकाच कागदात घाला आणि इथेच नोंदवा. भावजय म्हणते, ताईंना विचारल्याशिवाय सही करायची नाही.

एकतीस वर्षं नोंदणी कचेरीत बसून तू लोकांचे अंगठे उमटवलेस. तेव्हा सांग, इथे की तिथे? फोनवरच विचारणार होतो, पण फोनवर तू फक्त हवा आणि गुडघे सांगतेस.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास की सल्लेही वाढतात.
तुझा,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. आधी तब्येतीचं लिहायचं असतं, शाईचं नव्हे. तुझ्या दोन पानांत जाळीबद्दल एक वाक्य, आणि तेही विनोदात. पुढच्या पत्रात भावजयीच्या हातच्या चार ओळी पाहिजेत. तुझ्यावर माझा विश्वास नाही.

आता कामाचं. वस्तू जिथे, तिथे तिचा कागद. तिथल्या फ्लॅट-दुकानाचं मृत्युपत्र तिथे, इथल्या घराचं इथे. एका कागदात दोन देश कोंबले की मागे राहिलेल्यांचे पाय झिजतात. आमच्याकडे एक गृहस्थ वडिलांचं परदेशी मृत्युपत्र घेऊन आले होते. लाल लाखेची मोहर, रेशमी फीत, लग्नपत्रिकेसारखा थाट. इथला प्लॉट फक्त नावावर करायचा होता. मग त्याचं भाषांतर, भाषांतर खरं असल्याचा दाखला, दाखला देणारा खरा असल्याचा दाखला, आणि शेवटी कोर्ट. पहिल्या खेपेला त्यांचे केस काळे होते. शेवटच्या खेपेला मी त्यांनाच विचारलं, मुलगा नाही का आला या वेळी?

नोंदवलंच पाहिजे असं नाही, पण नोंदवून ठेव. नोंदलेल्या कागदाशी भांडताना माणूस जरा दम खातो.

माझं म्हणशील तर मला कसली घाई नाही. मागच्या खोलीचं छत आबांच्या वेळेपासून गळतं, तसंच इमानाने गळतंय. तू आधी नीट चालायला लाग.

गोळ्या वेळेवर घे म्हणजे आशीर्वाद वाया जाणार नाहीत.
तुझी,
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (या वेळी थोडा वाकलो. आज्ञेबाहेर आहे, भावजयीला कळवू नये.)

झालं! तुझ्या हुकमाप्रमाणे दोन देश, दोन कागद. इथलं सगळं भावजयीला आणि लेकीला. तिथलं जुनं मृत्युपत्र तसंच राहू दिलं. वकीलबाईंचं तोंड जरा आंबट झालं, पण तुझा अनुभव किती वर्षांचा ते सांगितल्यावर त्यांनी नवा कागद पुढे ओढला.

साक्षीदार मात्र नात्यातले चालत नाहीत. ओळखीचे दोघेही गावाला गेलेले, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंना गळ घातली. माझ्या खुर्च्या सरकतात म्हणून वर्षातून दोनदा त्या माझ्याविरुद्ध अर्ज करतात. आता त्यांना लिहून द्यायचं होतं की मी शुद्धीवर असून माझं डोकं ठिकाणावर आहे. पेन हातात घेऊन त्यांनी मला असं निरखलं की क्षणभर मलाच शंका आली.

सोबत मृत्युपत्राची प्रत आणि मी स्वतः केलेला मराठी तर्जुमा जोडला आहे. कौतुकाने वाच. सुरुवातीचा परिच्छेद म्हणजे नेहमीचा वकिली घंटानाद आहे, तो गाळला. आता तुझी काळजी मिटली, माझी मिटली, आणि मी मरायला मोकळा झालो. हे वाक्य भावजयीने वाचलंय आणि ती आतल्या खोलीत निघून गेली आहे, तेव्हा बस्स करतो.

लोभाची मुदत संपली असेल तर वाढवून घ्यावी.
तुझा,
धाकटा

ती. ताई, सा. न. रोज वीस मिनिटं चालतात, त्यातली दहा कुरकुरण्यात जातात. गोळ्या मी मोजून देते. पायऱ्या चढताना थांबतात आणि भिंतीवरचं चित्र बघत असल्याचं नाटक करतात. तिथे चित्र नाही. तुमची, भावजय.

२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचून बारा दिवस झाले. उत्तर तिसऱ्याच दिवशी लिहून तयार होतं. पाकिटात घालवेना.

तर्जुमा छान आहे. पण गाळलेलं वाचायची मला नोकरीतली खोड. तुझी प्रत घेऊन वाचनालयात गेले, तिथला जाडा शब्दकोश घेतला आणि त्या तुझ्या घंटानादाशी एक अख्खी दुपार झटले. त्यात लिहिलंय की तू याआधी, कुठल्याही देशात, केलेली सगळी मृत्युपत्रं या कागदाने रद्द. म्हणजे आपल्या कचेरीतलं ते तीन वर्षांपूर्वीचंही. पुढे हेही आहे की तुझं जे काही जिथे कुठे असेल ते सगळं भावजयीचं आणि लेकीचं. तेव्हा उद्या काही झालं तर हे घर त्यांचं. त्या दोघी मला काही बोलणार नाहीत हे मी जाणते. पण राहायचं ते त्यांच्या मर्जीवर.

दिवसभर लोकांना सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावतोस, आणि स्वतःच्या मृत्युपत्राची सगळ्यात वरची ठळक ओळ तुला दिसू नये? कुणाकडून तरी डोळे तपासून घे बाबा.

हे लिहिणं जड गेलं. तुझी चूक दाखवणं म्हणजे तुझ्याकडे घर मागणं, दोन्ही एकच होऊन बसलं. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर तिथल्या तिथे लाल पेन्सिलीने खूण केली असती. वाटलं, गप्प बसावं, माझी अशी किती वर्षं उरलीत? पण चुकीचा कागद हातात आला आणि तसाच पुढे सरकवला, असं नोकरीत एकदाही केलं नाही. आता म्हातारपणी सुरुवात कशाला?

दुरुस्त कर. नाही केलंस तरी आशीर्वादात काटछाट होणार नाही.
तुझी,
ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (पूर्ण वाकून.)

दुरुस्त केलं. पत्र आलं त्याच दुपारी वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ते वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं, आजवर कुणी वाचलं नव्हतं. आता नव्या कागदात स्पष्ट लिहिलंय की हे फक्त इथल्या मालमत्तेपुरतं, तिथल्या मृत्युपत्राला धक्का लावायचा नाही. खालच्या बाईंनी पुन्हा साक्ष दिली. दीड महिन्यात दोनदा शहाणा ठरलो.

तेवढ्याने झोप लागेल असं वाटलं होतं. ते बारा दिवस मात्र डोक्यातून जाईनात. आई-आबांची दुखणी तू काढलीस, छताखाली बादल्या तू ठेवल्यास, आणि त्याच घरासाठी मला एक ओळ धाडायला तुला बारा दिवस लागले.

मग तो दिवस आठवला. आबांनी घर माझ्या नावावर केलं तेव्हा टेबलापलीकडे तूच होतीस. दुसऱ्या कारकुनाला बसवता आलं असतं, पण बसलीस तू. वहीत नोंद तुझ्या अक्षरात आहे. सही कुठे करायची ते तू बोट ठेवून दाखवलंस. मी सत्तावीस वर्षांचा, खिशात परदेशाचं तिकीट. तुझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. विचारलं एवढंच की अजून किती वेळ लागेल. तू म्हणालीस, झालंच, आणि शिक्का मारलास.

त्याबद्दल आजवर मी एक शब्द काढला नाही. आज काढतो. ताई, चुकलं माझं.

जिवंत भावाकडून घर घेणार नाही असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून मृत्युपत्राची पळवाट काढली. पण माझे डॉक्टर फार आशावादी आहेत, त्यांच्या हिशेबाने तुला वीस वर्षं थांबावं लागेल. तेवढं थांबवणं बरं दिसत नाही. भावजयीला सांगितलं तर म्हणाली, इतकी वर्षं कसली वाट बघत होतात? आणि बॅग काढायला माळ्यावर चढली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं येतोय. घर आत्ताच तुझ्या नावावर करायच्या बक्षीसपत्राचा मसुदा तुझ्या जुन्या कचेरीजवळच्या वकिलांकडे दिला आहे. या वेळी अक्षरन् अक्षर वाचला. दहा तारखेला, सकाळी साडेअकराची वेळ घेतली आहे. घेणाऱ्याचीही सही लागते, हे तुला सांगायला नको. दोन फोटो आण. टेबलाच्या अलीकडे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवीन.

नाही म्हणू नकोस, एवढाच लोभ असू दे.
तुझा,
धाकटा